रोलँड आणि यामाहा दोन्हींवर चालेल असं एक्सप्रेशन पेडल कोणतं घ्यावं?

पेटी_ते_पॅड, अंबाजोगाई

रामराम मंडळी. मी सप्ताहात कीर्तनाला साथ करतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि रात्री घरी लॅपटॉपवर स्वतःचं इलेक्ट्रॉनिक संगीत करायलोय. जवळ रोलँड एक्सपीएस-३० आहे आणि एक जुना यामाहा एमएक्स४९.

महाराज निरूपणाला लागले की मागचा पॅड, म्हणजे सलग धरलेला मऊ सूर, इतका खाली हवा, की तो चालू आहे हे कुणाला कळू नये, पण बंद पडला तर मंडप ओका वाटावा. आणि चरण धरलं, टाळकरी उभे राहिले की तोच पॅड मृदंगासोबत चढायला हवा. पेटीवर हे काम भाता करतो. इथं दोन्ही हात स्वरांवर, व्हॉल्यूमकडं हात नेला की सूर सुटतो.

म्हणून एक्सप्रेशन पेडल, म्हणजे पायानं आवाज कमी-जास्त करायचं पेडल, घ्यायचंय. एकच पेडल दोन्ही कीबोर्डला चालेल का? कुणी १० के (किलोओहम) म्हणतं, कुणी ५० के, त्यातलं काय बघायचं? आणि गिटारवाल्यांचं व्हॉल्यूम पेडल चालतं का? दोन-दोन पेडलं घेणं झेपणार नाही, म्हणून आधी विचारून घ्यायलोय.

सहा_तारा, लातूर

व्हॉल्यूम पेडल घ्या आणि कीबोर्ड अन् मिक्सरच्या मधे लावून टाका. कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला चालतं, सेटिंगमधे शिरायची गरजच नाही. आमचा कीबोर्डवाला असंच वाजवतो.

रात्रपाळी_सिंथ, छत्रपती संभाजीनगर

पेटीवाले, प्रश्न फार नेमका मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो.

व्हॉल्यूम पेडलमधून खुद्द आवाज जातो. तुमचा पॅड स्टिरिओ आहे. गिटारचं साधं पेडल मोनो, त्यामुळे एक बाजू तिथंच गेली. शिवाय ते पेडल गिटारच्या हाय इम्पीडन्ससाठी बनवलेलं असतं, कीबोर्डच्या आउटपुटला ते जुळत नाही. त्याच वाटेनं जायचं असेल तर बॉसचं एफव्ही-५००एल बघा, ते कीबोर्डसाठीच आहे, स्टिरिओ आहे आणि त्याला एक्सप्रेशनचं वेगळं आउटपुटही आहे. पण तुमच्या कामाला माझं मत एक्सप्रेशनलाच. व्हॉल्यूम पेडल खाली घेतलं की पॅडसोबत रिव्हर्बची, म्हणजे मागे घुमणाऱ्या आवाजाची, शेपटीही कापली जाते. एक्सप्रेशनमधे फक्त आकडा जातो, कीबोर्ड आतून स्वर उतरवतो आणि आधीचा रिव्हर्ब हवेत विरत राहतो. निरूपण सुरू होताना नेमकं हेच पाहिजे.

आता एका पेडलवर दोन कीबोर्ड. एक्सप्रेशन पेडलच्या पोटात एकच पोटेन्शिओमीटर (रोध बदलणारा, रेडिओच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखा भाग) असतो. कीबोर्ड जॅकमधून थोडं व्होल्टेज पाठवतो, पेडल त्यातला काही भाग परत देतं आणि कीबोर्ड त्याचा ० ते १२७ मधला आकडा करतो. त्यासाठी तीन संपर्क लागतात, टोकाचा टिप, मधला रिंग आणि मागचा स्लीव्ह, म्हणून प्लग टीआरएस, स्टिरिओ हेडफोनच्या मोठ्या प्लगसारखा दोन काळ्या रेघांचा. घोळ असा आहे, की हा परत येणारा भाग रोलँड टिपवर मागतो आणि यामाहा रिंगवर. कॉर्गही यामाहासारखाच. म्हणून रोलँडचं ईव्ही-५ एमएक्सला लावलं किंवा यामाहाचं एफसी७ एक्सपीएसला लावलं, तर पेडल हलतं पण आवाज नीट हलत नाही. बराच वेळ काहीच होत नाही आणि शेवटच्या बोटभर अंतरात सगळी उडी. माणसाला वाटतं पेडल खराब निघालं. ते खराब नसतं, तारा उलट्या असतात.

१० के की ५० के, याची झोप घालवू नका. ईव्ही-५ १० केचं आहे, एफसी७ ५० केचं. कीबोर्डला व्होल्टेजचं गुणोत्तर कळतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी दोन्ही चालतात. तुम्ही बघायची गोष्ट म्हणजे पोलॅरिटीचा स्विच. एम-ऑडिओ ईएक्स-पी आणि नेक्टार एनएक्स-पी या दोन्हींना तो आहे. स्विच सरकवला की टिप-रिंगची अदलाबदल होते, घरी यामाहा, मंडपात रोलँड. बॉसचं ईव्ही-३० महाग पडेल, पण त्याला दोन आउटपुट आहेत आणि दोन्हींना वेगळा स्विच. एकाच पायानं दोन्ही कीबोर्ड एकदम चढवता येतात. लग्नाच्या स्टेजवर खाली स्ट्रिंग्ज, वर पॅड अशी मांडणी असेल तर याच्यासारखं सुख नाही.

पण स्विचइतकंच महत्त्वाचं पायाखालचं चलन आहे. दुकानात बूट काढून बघा, कारण मंडपात तुम्ही अनवाणीच असणार. टाच दाबून बोटं हळूहळू खाली न्या. मधेच कुठं अडकतंय का, सोडल्यावर आपोआप घसरतंय का? चांगलं पेडल जिथं सोडाल तिथंच थांबतं. एका चरणात पॅड चढवायला पाय सात-आठ सेकंद एकसारखा फिरावा लागतो. फार मोकळं पेडल असलं की तो चढ खडबडीत होतो आणि ऐकणाऱ्याला बटण फिरवल्यासारखा कळतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. मला विचाराल तर निम्मी निवड इथंच होते.

कीबोर्डच्या सेटिंगमधे पेडलला सीसी ११ द्या, सीसी ७ नको. सीसी म्हणजे मिडीतला कंट्रोल नंबर, पेडलचा आकडा कशावर चालेल ते तो ठरवतो. ७ म्हणजे त्या पार्टचा मुक्कामाचा आवाज, तो साउंड चेकला ठरतो. ११ त्याच्या आत खालीवर करतो, त्यामुळे पाय पूर्ण खाली गेला तरी ठरवलेल्या आवाजाच्या वर काही जात नाही. घरच्या संगीतात सीसी ७४ लावून बघा. बहुतेक सिंथवर तो फिल्टर उघडतो, आवाज मोठा न होता उजळतो. पाइप ऑर्गनवाले पायानं झडपा उघडून स्वर फुलवायचे, नाट्यसंगीतातल्या पायपेटीला गुडघ्यानं दाबायची पट्टी असायची. ही तहान जुनी आहे, तुम्ही नवं काही मागत नाही.

गोदाकाठ_कीज, नांदेड

वरच्या सगळ्याला अनुमोदन. एक भर घालतो. ईव्ही-५ आणि एफसी७ दोन्हींची वायर पेडललाच जोडलेली असते. टेम्पोत सामान चढवताना वायर ओढली गेली की तुटते ती मुळाशी. वायर वेगळी काढता येणारं पेडल फिरतीला बरं, फक्त वायर टीआरएसच घ्या, गिटारची मोनो वायर लावली तर काम होत नाही. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात मंडपातली धूळ पोटेन्शिओमीटरमधे बसते. सेकंडहँड घेणार असाल तर लॅपटॉपवर मिडी-ऑक्स (पेडलचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून पेडल हळू फिरवा. आकडे ० पासून १२७ पर्यंत सरळ गेले पाहिजेत. ६१, ६४, ५९ असे नाचायला लागले तर सोडून द्या.

पेटी_ते_पॅड, अंबाजोगाई

लई मोलाची माहिती दिली सगळ्यांनी. आता एक खरी अडचण सांगतो. लग्नात मी उभा असतो, तिथं पेडल जमेल. पण कीर्तनात आम्ही सगळे मांडी घालून बसतो, कीबोर्ड चौरंगावर. महाराज उभे असताना मी खुर्ची मागणं मला पटत नाही. मग पेडल कुठं ठेवायचं?

रात्रपाळी_सिंथ, छत्रपती संभाजीनगर

खुर्ची मागू नका, तुमचं बरोबर आहे. आणि मांडीखाली पेडल कोंबायच्या भानगडीतही पडू नका. आडवं ठेवून गुडघ्यानं ढकलता येतं, पण त्याला स्प्रिंग नसते, त्यामुळे ते मागे आणता येत नाही.

त्या जॅकला पेडलच पाहिजे असं नाही, तीन संपर्कांचा पोटेन्शिओमीटर पुरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून बी१०के लिहिलेला सरकता पोटेन्शिओमीटर आणा. बी म्हणजे लिनिअर, सगळीकडं सारखा बदलणारा. ए लिहिलेला घेऊ नका, तो एका टोकाला गर्दी करतो. मधली तार एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून टिपला, एक टोक रिंगला, दुसरं स्लीव्हला, ही झाली रोलँडची जोडणी. उलट्या दिशेनं चाललं तर दोन टोकांच्या तारा बदला. यामाहासाठी मधली तार रिंगला आणि रिंगची टिपला. प्लास्टिकच्या डबीत बसवून डबी कीबोर्डच्या डाव्या कडेला चिकटवा. पॅडचे स्वर डाव्या हातानं धरलेले असताना करंगळी किंवा अंगठा तिथं पोचतो. डबी चिकटवायच्या आधी नेहमीचे स्वर धरून बोट कुठं सहज जातं ते बघा आणि तिथं खूण करा. कीबोर्ड बंद असतानाच प्लग लावा.

पेडल लग्नासाठी आणि घरासाठी घ्या, स्विचवालं. कीर्तनाला ही डबी. सोल्डरिंग तिथं कुणी करून देत नसेल तर सांगा, तारांचं चित्र काढून इथं टाकतो.