युद्धावरून परतलेल्या जवानाचे नाटक: दारूकामाचा प्रसंग ठेवावा का?

प्रश्न: संहितालेखक, जुळे सोलापूर

नमस्कार. आमचा हौशी नाट्यसंघ यंदा दोन अंकी नाटक बसवत आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात लढलेला एक जवान पेन्शन घेऊन सोलापूरला परत येतो आणि पुढच्याच जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा येते, असा काळ धरला आहे. किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर शोभेचे दारूकाम सुरू होते आणि पहिल्याच आवाजाला तो मुलीला खाली ओढून स्वतः तिच्यावर आडवा पडतो, या प्रसंगावर पहिला अंक संपतो. वाचनाच्या वेळी सर्वांना हा प्रसंग फार भिडला. मात्र श्रोत्यांत बसलेले एक माजी सैनिक जाताना एवढेच म्हणाले, "असं होत नाही असं नाही, पण ते इतकं दिसत नाही." तेव्हापासून मला हा प्रसंग खोटा वाटू लागला आहे. ज्यांनी असे घर आतून पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर: अशोक चौक

माझे वडील सतरा वर्षांच्या नोकरीनंतर घरी आले, तेव्हा मी सातवीत होते. आमच्या घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना होता आणि रात्रपाळीतही मागांची खडखड थांबत नसे. पाहुण्यांना त्या आवाजात झोप लागत नसे, वडिलांना मात्र शांत झोप लागे. वीज गेली की माग एकदम बंद पडत आणि त्या शांततेने ते दचकून उठून बसत. आम्ही मुली झोपेतच असायचो, हे सारे आईने मला फार पुढे सांगितले.

दिवसा दिसायचे ते अगदी किरकोळ होते. दाराची कडी ते तीन-तीनदा पाहत. लग्नाच्या पंगतीत भिंतीला पाठ लावून, दार समोर दिसेल अशीच जागा धरत. नातेवाईक म्हणत, मिलिटरीवाला माणूस आहे, शिस्तीचा आहे. काहींनी बाहेरचे काही असेल म्हणून आईला उपायही सुचवले. आजार हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही.

आता दारूकामाविषयी. वडील यात्रेला आमच्याबरोबर कधीच आले नाहीत. "घर राखायला कोणीतरी पाहिजे," असे ते दरवर्षी म्हणत आणि आम्हाला वाटे की त्यांना आमच्याबरोबर यायची हौसच नाही. त्या गोष्टीचा मी कितीतरी वर्षे राग धरला होता, आणि हे लिहितानाही त्याची लाज वाटते. आपला प्रसंग ठेवा, पण त्या गर्दीत मुलीच्या शेजारची जागा रिकामी ठेवा.

उत्तर: मनोविकारतज्ज्ञ

वरच्या उत्तरात जे आले आहे, त्याला आमच्या शास्त्रात टाळणे आणि अतिसावधपणा म्हणतात. भयंकर आठवणी नको असताना पुन्हापुन्हा उसळणे आणि मन बधिर किंवा उदास होणे, ही आणखी दोन लक्षणे. हे सारे महिन्याहून अधिक टिकले आणि त्याने रोजचे जगणे अडू लागले, तर आघातोत्तर तणाव विकाराचा विचार करावा लागतो. हे निदान अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० मध्ये आले. त्याआधी पहिल्या महायुद्धात 'शेल शॉक' हा शब्द रूढ झाला होता. चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये तो वैद्यकीय नियतकालिकात वापरला. तोफगोळ्याच्या धक्क्याने मेंदूला इजा होते, अशी त्यामागची समजूत होती, परंतु स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे दिसू लागल्यावर ती समजूत टिकली नाही. स्फोटाच्या आवाजावर सारे नाटक उभे केले, तर आपणही त्याच जुन्या समजुतीकडे परत जाऊ.

एक कळकळीची विनंती आहे. नायकाला हिंसक करू नका आणि शेवटच्या स्वगतात त्याला बराही करू नका. समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी अनेकांना आराम पडतो, पण त्याला वेळ लागतो. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी असा त्रास असेल, तर टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो.

उत्तर: नेपथ्यकार

१९४६ चा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज' अवश्य पाहा. युद्धात बॉम्बफेकी विमानावर असलेला माणूस भंगारात काढलेल्या तशाच एका विमानात चढून आपल्या जुन्या जागी बसतो. त्या विमानाची इंजिनेही काढून नेलेली असतात. बाहेर काहीही घडत नसताना त्याच्या चेहऱ्यावर घाम येतो आणि आपल्याला सगळे कळते. त्याच चित्रपटात दोन्ही हात गमावलेल्या खलाशाची भूमिका हॅरल्ड रसेल यांनी केली आहे. त्यांचे स्वतःचे हात लढाईत गेले नव्हते, १९४४ मध्ये प्रशिक्षणाच्या कामात स्फोटके हाताळताना गेले होते. आपल्या नाटकात मागांचा आवाज पहिल्यापासून हलका चालू ठेवा, म्हणजे तो थांबल्यावर प्रेक्षकही दचकेल.

संहितालेखक

सर्वांचे मनापासून आभार. पहिला अंक आता वीज जाण्यावर संपेल. ताईंना एकच विचारायचे आहे: माग थांबल्यावर वडील उठून बसत, तेव्हा घरात कंदील लावत असत का?

अशोक चौक

नाही, ते लावू देत नसत. आई अंधारातच चाचपडत माठापर्यंत जाई, तांब्याभर पाणी आणून त्यांच्या हातात देई आणि माग पुन्हा सुरू होईपर्यंत त्यांच्याशेजारी बसून राही.