पावसात लॅकर पांढुरका पडला, वर दारावर ओघळ: बॉडी सोलू का?

प्रश्न (रंकाळा२४)
१/२४ मापाच्या मॉडेल कारची बॉडी, पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची. राखाडी प्रायमर, वर गडद निळ्या लॅकर स्प्रेचे तीन हात. कोल्हापुरात चार दिवस झड लागलेली, तिसरा हात त्यातच मारला. छत आणि बॉनेटवर दुधासारखी झाक आलीय, डाव्या दाराखाली एक लांब ओघळ आहे. डिकल (नंबर-चिन्हांचे स्टिकर) अजून लावलेले नाहीत. उद्यमनगरातून आणलेलं एन.सी. (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) थिनर घरात आहे. त्यात बुडवून सगळं काढू का?

उत्तर (वॉटरपेपर)
एन.सी. थिनरचा डबा आधी लांब ठेव. त्यात रंगाआधी बॉडीच विरघळेल. पॉलिस्टायरीनला ते अजिबात चालत नाही.

झाक म्हणजे ओल. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. ते ओल्या रंगात अडकलं की पांढरं दिसतं. रंग खराब झालेला नसतो, म्हणून सोलायची घाई नको. कोरड्या दिवशी त्याच जातीच्या लॅकरचा एक पातळ पण ओलसर हात दिला की वरचा थर पुन्हा सैल होतो, ओल निघून जाते आणि बहुतेक वेळा झाक जाते. आधी बॉडीच्या आतल्या बाजूला करून बघ. एअरब्रश असेल तर मिस्टर कलर या मॉडेल-रंगांच्या ब्रँडचं लेव्हलिंग थिनर वापर. त्यात रिटार्डर असतो, त्यामुळे रंग सावकाश सुकतो.

ओघळाला मात्र हात लावू नकोस. वरून सुकलेला दिसतो, आतून मऊ असतो. या हवेत निदान आठवडा जाऊ दे. मग सपाट खोडरबराला १५०० चा वॉटर पेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात, फक्त उंचवटा घास. शेवटी २०००. बोटाने घासलंस तर ओघळाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. दाराच्या कडांवर आधी टेपची पट्टी लाव, तिथला रंग सगळ्यात आधी उडतो.

रंग साधा आहे की मेटॅलिक?

रंकाळा२४
मेटॅलिक. सांगायचं राहिलं.

उत्तर (बारीकनोझल)
मग घासून पॉलिश करण्यावर भागणार नाही. घासलं की चंदेरी कण कापले जातात आणि तिथे काळपट डाग दिसतो. नुसत्या दारावर स्प्रे केला तरी कण वेगळे बसतात, उन्हात दार वेगळ्याच गाडीचं वाटतं. ओघळ सपाट कर आणि अख्ख्या बॉडीला एक हात दे. त्यानेच झाकही जाईल. क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर, त्यानंतर.

सोलायचं एकाच कारणाने: दाराच्या, बॉनेटच्या रेषा रंगाने बुजल्या असतील तर. तेव्हा आयसोप्रोपिल अल्कोहोल घे, ९९ टक्क्यांचं. डबाभर ओतू नकोस, जाड झिपच्या पिशवीत बॉडी घातली की ३००-४०० मिली पुरतं. काचा आणि क्रोमचे भाग बाहेर. रात्रभर ठेव, मग जुन्या टूथब्रशने घास. प्रायमर थोडा राहिला तर राहू दे. दिवसेंदिवस बुडवून ठेवलंस तर खिडक्यांचे बारीक खांब ठिसूळ होऊन मोडतात. गॅसजवळ नको, खिडकी उघडी. ब्रेक ऑइल वापरा म्हणणारे भेटतील. रंग निघतो, पण हाताची कातडी खराब होते आणि फरशीचीही वाट लागते.

उत्तर (वॉटरपेपर)
बरोबर, मेटॅलिकला हेच.

भावा, पुढचा हात आर्द्रता ६५ टक्क्यांखाली असेल तेव्हाच. आर्द्रता मोजायला छोटा हायग्रोमीटर घे. कोल्हापुरात जुलैत तसा दिवस मिळणं अवघड, तेव्हा एसीची खोली आधी तासभर चालवून कोरडी कर, आणि स्प्रे करताना एसी बंद, एक्झॉस्ट चालू. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं धर, म्हणजे फवारा बारीक येतो. उकळतं पाणी किंवा शेगडी नको, डबा फुटेल. अंतर वीतभर. सुरुवात आणि शेवट बॉडीच्या बाहेर. तुझा ओघळ बहुधा दारावरच हात थांबल्याने आला असणार.