मदत हवी आहे: जानेवारीत १२ दिवस घर बंद, कुंड्यांचं काय करू?

दुपारचा चहा (२९ ऑक्टोबर २०२५)
पटकन सांगा कुणीतरी. २ तारखेला सकाळी आठला तिकिटं काढायची आहेत, त्याआधी घरात हा विषय मिटायला हवा. आम्ही दोघंही निवृत्त. कच्छला जायचं गेली तीन वर्षं ठरतंय आणि दर वर्षी 'घर कोण बघणार' इथं गाडी अडते. घर १२ दिवस पूर्ण बंद राहील. कुंड्यांना पाणी कसं मिळेल? नळाला लावायचा टायमर कुणी वापरलाय का? झाडं शेजाऱ्यांकडे ठेवा हे कृपया सांगू नका, ते करून झालंय. मागच्या वेळी मोगरा परत आला तो काटकी होऊन.

गच्चीवरची बाग
किती कुंड्या? कुठल्या? गच्ची की गॅलरी? ऊन कधी येतं? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार?

आबासाहेब
कुंड्यांचं होईल हो. हयातीचा दाखला दिलात का? नोव्हेंबर उजाडतोय. दाखला राहिला की पेन्शन थांबते, मग कच्छ विसरा. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढता येतं, बँकेत रांग लावू नका.

कोथरूडकर
आबासाहेब, सगळ्यांना नोव्हेंबर लागू नाही. ईपीएस-९५ (पीएफची पेन्शन) वाल्यांनी वर्षात कधीही दिला तरी पुढचे १२ महिने चालतो. माझा मार्चमध्ये होतो.

आबासाहेब
मी सरकारी पेन्शनबद्दल बोलतोय.

कोथरूडकर
त्यांनी सरकारी असं कुठं लिहिलंय?

दुपारचा चहा
दाखला मी विचारलेलाच नाही! दोघांचा होईल १ तारखेला. कुंड्या ३४, गॅलरी पूर्वेची, ऊन साडेदहापर्यंत. तुळशी दोन, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, गवती चहा, अळू, बाकी शोभेची. टायमरचं कुणी सांगेल का?

गच्चीवरची बाग
हं, आता बोलता येईल. टायमरला पाण्याचा दाब लागतो. गॅलरीतल्या नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीतून २४ तास असेल तर चालेल, ठरावीक वेळीच येत असेल तर टायमर उघडेल आणि हवा सोडेल. शिवाय ऐनवेळी बॅटरी संपते, नळी निसटते, आणि खालच्या मजल्याच्या गॅलरीत धबधबा. माझं झालंय. खालच्या काकूंचे पापड वाळत होते.
जानेवारीत सकाळचंच ऊन असेल तर एवढा खटाटोप नको. सगळ्या कुंड्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवा, मातीवर वाळक्या पानांचा जाड थर द्या. जास्त पिणाऱ्यांसाठी वात: बादली स्टुलावर कुंडीपेक्षा उंच, सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार बोटं खोल. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढतच नाही. नायलॉनची दोरी चालत नाही. बादलीवर झाकण हवंच, नाहीतर डास. कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साठवून जाऊ नका, तिथं डेंग्यूचे डास होतात. आणि जायच्या आधी तीन दिवस घरात असतानाच तालीम करा. शोभेच्या झाडांना निघताना भरपूर पाणी दिलं की पुरे.

भटकभवानी
कच्छ!! कुठून निघताय? पुण्याहून असाल तर थेट भूज गाडी आठवड्यातून एकदाच. आणि २ तारखेला तिकिटं म्हणजे उशीर झाला असेल, १२० दिवस आधी उघडतात ना?

कोथरूडकर
१२० दिवस केव्हाच गेले. नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. २ नोव्हेंबरला उघडणार म्हणजे १ जानेवारीची गाडी. बरोबर हिशेब आहे त्यांचा.
पण एक बघा. ऑक्टोबर २०२५ पासून आयआरसीटीसीवर आरक्षण उघडल्यावर सुरुवातीला फक्त आधार जोडलेल्या खात्यांनाच काढता येतात. खातं जोडलंय का? नसेल तर नुसतं बघत बसाल आणि वेटिंग हातात येईल.

दुपारचा चहा
अरे देवा. नाही जोडलेलं. आज करते. धन्यवाद, हे कामाचं सांगितलंत. डोंबिवलीहून. दादरला जाऊन सयाजीनगरी एक्सप्रेस.

सहलवाला मामा
ताई, या वयात गाडी, हॉटेल, परवाना सगळं स्वतः कशाला? सरळ एखाद्या टूर कंपनीबरोबर जा. सकाळी चहा हातात, सामान उचलायला माणूस. आम्ही सात सहली केल्या, एकदाही डोकं लावावं लागलं नाही.

भटकभवानी
मामा, डोकं लावायचं नसेल तर घरीच बसावं. सहा वाजता उठवतात, धावडवतात, 'दहा मिनिटं फोटोसाठी' म्हणतात. मला रणात दोन तास नुसतं बसायचं होतं.

सहलवाला मामा
तुझे गुडघे चांगले आहेत म्हणून सुचतंय. पन्नाशीनंतर भेटू.

भटकभवानी
५७ चालू आहे.

शेजारीण
देवांचं काय करताय ते लिहिलं नाहीत. घरात नित्यपूजा असेल तर कुंड्यांआधी तो प्रश्न.

दुपारचा चहा
हो, तेही आहे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि सासूबाईंचा शाळिग्राम. हे म्हणतात शाळिग्राम उपाशी ठेवायचा नाही.

शेजारीण
शाळिग्रामाची पूजा चुकवू नयेच. आमच्याकडे लहान पितळी डबीत, खाली तांदूळ घालून, बरोबर नेतात. हॉटेलात एक पळी पाणी आणि तुळशीचं पान, झालं.

कोथरूडकर
मानसपूजा चालते. देव काही हजेरीपट घेऊन बसलेला नाही.

शेजारीण
ज्याला चालते त्याला चालते. ज्यांनी विचारलंय त्यांच्या घरी चालत नाही, हे वाचलंत का?

आबासाहेब
आमच्याकडे अशा वेळी देव पाण्यात घालून ठेवतात. (विनोद होता. रागावू नये.)

भटकभवानी
१ ला निघताय ते छान जमलंय, ३ जानेवारीला पौर्णिमा आहे, शाकंभरी. त्या रात्री पांढऱ्या रणाजवळच्या धोरडोला असाल असं बसवा. पांढऱ्या रणाचा परवाना लागतो, वाटेतल्या भिरंडियारा गावात मिळतो, ओळखपत्र जवळ ठेवा. भिरंडियाराचा मावाही खा. दुसऱ्या दिवशी काळो डुंगर, वर दत्ताचं देऊळ आहे आणि आरतीनंतर कोल्ह्यांना प्रसाद घालतात. धोळावीरा (हडप्पाकालीन शहर) चुकवू नका, २०२१ मध्ये जागतिक वारसा झालं. खावड्याहून आता रणातून सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना मीठ. भुजला भुजियो डुंगरावर स्मृतिवन, २००१ च्या भूकंपाचं. तिथं चढ आहे, दुपारी जाऊ नका. यंदा पाऊस लांबला, त्यामुळे मीठ पुरतं वाळलंय का हे डिसेंबरात तिकडे फोन करून विचारा. रात्री बोचरी थंडी, कानटोपी न्याच. मांडवीला…

गच्चीवरची बाग
भटकभवानी, त्यांनी कुंड्या विचारल्या होत्या.

भटकभवानी
कुंड्यांचं उत्तर देऊन झालं की तुमचं.

रात्रपाळी
तिकिटाबद्दल. तुम्ही दोघंच का? वय? कारण खालचा बर्थ हवा असेल तर ज्येष्ठांच्या कोट्यातून काढा: पुरुष ६० पूर्ण, बाई ४५ पूर्ण. भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती शोधत बसू नका.

दुपारचा चहा
हे ६६, मी ६२. कोटा कसला! हंपीला गेलो तेव्हा चौघांना मिळून एकच खालचा मिळाला. यांना रात्री दोनदा उठावं लागतं, वरून उतरताना माझाच जीव वरखाली.

रात्रपाळी
चौघं? आत्ता 'आम्ही दोघं' होतात!

दुपारचा चहा
नणंद आणि तिचे यजमान बरोबर असतात ना. तेही येणार आहेत. ते वेगळं काय लिहायचं?

रात्रपाळी
तेच तर लिहायचं होतं! त्या कोट्यात एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघं चालतात. चौघांचं एक तिकीट काढलंत की कोटा गेला. दोन वेगळी तिकिटं काढा, दोघं-दोघं. नणंद ४५ च्या वर असतीलच. आणि परवडत असेल तर टू एसी, मधला बर्थच नाही.

कोथरूडकर
थ्री एसीत बाजूचा खालचा बरा. रात्री कुणाला उठवावं लागत नाही.

रात्रपाळी
बाजूचा खालचा सहा फुटी माणसाला? पाय मुडपून भूजपर्यंत?

कोथरूडकर
काका सहा फुटी आहेत असं कुठं लिहिलंय?

दुपारचा चहा
पाच फूट चार. भांडू नका. दोन तिकिटं काढते. आणखी एक: फ्रिज बंद करून जावा का? पण यांचं इन्सुलिन त्यात असतं.

रात्रपाळी
हे तुम्ही तिसऱ्या दिवशी सांगताय! इन्सुलिन बरोबर न्यायचं ना, फ्रिजचा संबंधच काय? चालू पेन या थंडीत बाहेर राहतं. न उघडलेलं गार पिशवीत, पण बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलं की फेकायचं. सामानात खाली टाकू नका, हातातल्या पिशवीत. नक्की किती दिवस चालतं ते डॉक्टरांना विचारा, प्रत्येकाचं वेगळं. फ्रिज रिकामा करा, बंद करा आणि दार फटीएवढं उघडं ठेवा, नाहीतर परत आल्यावर वास.

शेजारीण
विरजण शेजारी द्या. बारा दिवसांनी नवं लावायला घ्याल तर चव जाते.

दुपारचा चहा (३१ ऑक्टोबर)
सगळं वाचून दाखवलं. कुंड्या: 'वात चालेल.' देव: 'डबी चालेल.' तिकीट: 'बरं.' आणि मग म्हणाले, 'पण बारा दिवस नाही जमणार.' का, तर उत्तर नाही. पेपर उघडला. आता काय करू?

शेजारीण
काका दिवसभर काय करतात? निवृत्तीनंतर अंगावर घेतलेलं एखादं काम?

दुपारचा चहा
नेहमीचंच. दूध आणतात, भाजी निवडतात (माझ्यापेक्षा बारीक), पेपर, दुपारी झोप. पहाटे सोसायटीचा व्हॉल्व्ह उघडतात.

कोथरूडकर
कसला व्हॉल्व्ह?

दुपारचा चहा
पाण्याचा. इमारतीत १६ घरं. पाणी पहाटे पावणेसहाला येतं. हे पाच चाळीसला खाली जातात, जमिनीतल्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडतात, भरली की बंद करून पंप लावतात. सहा वर्षं झाली, निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून. २०० पानी वही आहे, तारीख, पाणी किती वाजता आलं, टाकी किती इंच. ही तिसरी वही. दोन दिवस नणंदेकडे गेलो तरी तिथून फोन करून विचारतात, आलं का पाणी.

शेजारीण
मिळालं तुमचं उत्तर.

आबासाहेब
अहो, ३४ कुंड्या कशाला लिहीत बसलात?

सहलवाला मामा
फ्लोट स्विच बसवा. टाकी भरली की पंप आपोआप. आमच्याकडे आहे, वर्षानुवर्षं कुणी खाली उतरलेलं नाही.

गच्चीवरची बाग
आमच्याकडेही आहे. गाळ अडकतो, तरंगता गोळा वर येत नाही, आणि टाकी वाहत राहते. माणूस लागतोच.

रात्रपाळी
शिवाय काकांना फ्लोट स्विचचं नाव काढलंत तर कच्छच काय, दादरलाही येणार नाहीत. त्यांच्या जागी मशीन नको, माणूस द्या. इमारतीत पहाटे कोण उठतं?

दुपारचा चहा
दुसऱ्या मजल्यावरची मुलगी, सीएचा अभ्यास करते. पाचला तिच्या खोलीत दिवा असतो. विचारून बघते. यांना न सांगता.

शेजारीण
न सांगता नको हो. तिला विचारायला त्यांनाच पाठवा.

दुपारचा चहा (३ नोव्हेंबर)
सांगायला आले. काल आठला मी एका मोबाइलवर, नणंद दुसऱ्यावर. आधार जोडलेलं होतं, दोन तिकिटं, दोन्हींवर एकेक खालचा बर्थ. परतीचं १२ जानेवारीचं १३ तारखेला उघडेल.
व्हॉल्व्हचं असं झालं. शेजारीणबाईंचं ऐकलं. मी म्हटलं, ती मुलगी करेल, पण तिला कोण शिकवणार. अर्धा तास बोलले नाहीत. मग स्वतःच वर गेले. आज पहाटे पाच पस्तीसला दोघं खाली. मी जिन्यातून बघत होते. व्हॉल्व्ह साडेतीन आटे उघडायचा, चौथा दिला की तळमजल्यावर पाणी येत नाही, हे तिला चार वेळा सांगितलं. माझं लाल नेलपॉलिश नेऊन कुठपर्यंत फिरवायचं तिथं खूण केली आहे. तिनं मोबाइलमध्ये टाकीचा फोटो काढला तर म्हणाले, फोटोत इंच दिसत नाहीत, वहीत लिही. जानेवारीपर्यंत रोज तालीम आहे म्हणे. बिचारीला मी बेसनाचे लाडू दिले.

रात्रपाळी
आणि व्हॉल्व्हचा फोन रणातून कसा लागणार? धोरडोला रेंज मिळेलच असं नाही.

दुपारचा चहा
हे त्यांना सांगू नका.

आबासाहेब
ते सगळं ठीक. १ तारीख होऊन गेली. दाखला दिलात का?

दुपारचा चहा
राहिला! उद्या.

भटकभवानी
मांडवीचं अर्धवट राहिलं होतं. रुक्मावतीच्या काठावर लाकडी जहाजं बांधतात ती काकांना दाखवा. वही बरोबर न्यायला सांगा, तिथं मोजायला भरपूर आहे.

सहलवाला मामा
लाडवांचं प्रमाण टाका कुणीतरी. माझे नेहमी बसतात.