सायकलने ऑफिस: पावसाळ्यात ‘श्वास घेणारं’ महाग जॅकेट घ्यावं का?

चढाचा_राजू: कोथरूड ते हिंजवडी सायकलने जातो. माझं स्पष्ट मत: पुण्या-मुंबईच्या पावसासाठी मेंब्रेनच्या, म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारा पातळ पडदा असलेल्या जॅकेटवर दहा-बारा हजार घालू नका. पाणी ते अडवतं, त्यात वाद नाही. पण घामाची वाफ कापडातून बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा बरीच कोरडी हवी. युरोपातल्या ८-१० अंशांच्या पावसात ती असते. आपल्याकडे जुलैत हवाच वाफेने भरलेली. चांदणी चौकाचा चढ संपेपर्यंत बाह्या आतून अंगाला चिकटतात. त्यापेक्षा जाळीच्या अस्तराचा साधा रेनकोट घ्या, बगलेत लांब चेन आणि पाठीवर झडप असलेला. वारं आत खेळलं की झालं.

मावळची_सायकल: अजिबात पटलं नाही. आर्द्रता ९५ टक्के असली तरी बाहेर २४ अंश आणि त्वचा ३३ अंशांच्या आसपास असते. गार हवेत मुळात वाफ कमी मावते, त्यामुळे फरक उरतोच. युरोपाच्या निम्मा म्हणा, पण शून्य नाही. तुमच्या साध्या रेनकोटाचं कापड मात्र काहीच बाहेर सोडत नाही. बऱ्याच जणांची जॅकेटं वरच्या थरामुळे बाद होतात. नव्या जॅकेटवर पाणी झटकणारं लेपन असतं, त्यावरून थेंब गोल होऊन घरंगळतात. मळ आणि सॉफ्टनरमुळे ते लेपन निकामी झालं की वरचं कापड पाणी पितं आणि वाफेची वाट बंद होते. सॉफ्टनर न घालता धुवा, लेबलवर चालत असेल तर मंद इस्त्री फिरवा. थेंब पुन्हा घरंगळू लागतात.

चढाचा_राजू: धुण्याचं मान्य. पण सॅक पाठीवर घेणाऱ्याचं काय? खांद्यावर पट्टे घासून लेपन आधी तिथलंच जातं, आणि सॅकखालच्या पाठीतून वाफ निघायला जागाच नाही.

मावळची_सायकल: मग सॅक कॅरियरवर बांधा! तो दोष जॅकेटचा कसा?

देवरुखकर: इरलं आठवा. भात लावणारी बाई वाकलेली असते, इरलं पाठ झाकतं आणि पुढून सगळं मोकळं. सायकलवर आपणही वाकलेलेच असतो. सायकलसाठीचा पोंचो त्याच तत्त्वावर चालतो: पुढची कड हँडलवर ताणून अंगठ्याच्या फासात अडकवायची, खालून वारं येतं. मडगार्ड मात्र हवंच, नाहीतर चाकाचा चिखल खालून वर येतो. मला यापेक्षा बरं काही मिळालेलं नाही.

मावळची_सायकल: गावच्या रस्त्यावर ठीक. हायवेवर शेजारून ट्रक गेला की पोंचो फुगून सायकल बाजूला ओढतो. तिथे तो कुणी वापरू नये असंच मी सांगेन.

चढाचा_राजू: हायवेबाबत मावळताईंशी सहमत. तरीही महाग मेंब्रेन नकोच. दुकानात पाणी अडवण्याच्या क्षमतेचा १०,००० मिलिमीटरचा आकडा दाखवतील. तो कापडाचा असतो, शिवणीचा नाही. जॅकेट उलटं करून प्रत्येक शिवणीवर आतून टेप आहे का पाहा. आणि हँडलवर वाकल्यासारखं उभं राहून बघा: मागची कड कंबरेखाली पोचली नाही तर पँट भिजणारच.

मावळची_सायकल: शिवणीचं अगदी खरं. फ्लोरोसंट रंगावरही विसंबू नका, अंधारात तो दिसत नाही. परावर्तक पट्ट्या पाठीवर आणि मनगटावर हव्यातच. पण मेंब्रेनवरचं माझं मत कायम. ताम्हिणीत तासभर पावसात भिजून पुढे उतारावर वारं लागलं, की साध्या रेनकोटात कुडकुडायला होतं.