मदत हवी आहे: धाकट्या भावाचं कर्ज आणि माझं तोंड

केवड्याचं पान

फोंड्याला राहते. शिक्षिका आहे, म्हणजे अर्धा दोष तिथेच आला असं समजा.

धाकटा भाऊ, वय 29, कळंगुटला हॉटेलात कामाला. मागच्या रविवारी घरी आला, हुमण-भात जेवला आणि हात धुताना, पाठमोराच, म्हणाला की थोडं कर्ज झालंय. किती विचारलं तर साडेतीन लाखांच्या वर. माझ्या तोंडून निघालं, "इतके दिवस झोपला होतास?" आणि लगेच दुसरं, "आईला कळलं तर?" त्याने टॉवेल खुंटीला लावला आणि चपला घातल्या. जाताना एवढंच म्हणाला, "तुका सांगून कितें उपेग?" तेव्हापासून फोन उचलत नाही. मेसेज वाचतो, उत्तर नाही.

जेवढं कळलं ते लिहिते. क्रेडिट कार्ड 1,38,000. दर महिन्याला 'किमान रक्कम' 6,900 भरतो, त्यामुळे आपलं सगळं नियमित आहे अशी त्याची समजूत. गावच्या पतसंस्थेचं कर्ज, बाकी 1,85,000, हप्ता 5,200, मामेभाऊ जामीन. मोबाईलच्या तीन ॲपवर मिळून 42,000. पगार 24,000. मोसमात सर्व्हिस चार्ज धरून तीस-बत्तीस होतात, पावसात हॉटेल निम्मं बंद आणि पगारही निम्मा.

आधी काय फेडायचं हा एक प्रश्न. त्याहून मोठा हा, की पुन्हा बोलणं सुरू कसं करू? त्याला नावं ठेवू नका, तो या मंचावर वाचत असतो. मला ठेवलीत तर चालेल.

रोखठोक_म्हापसा

स्पष्ट बोलतो, राग नको. 29 वर्षांचा सडाफटिंग, कळंगुटला नोकरी. पैसे गेले कुठे ते आधी विचारा. कॅसिनो नाहीतर ऑनलाइन जुगार. फेडायला मदत केलीत तर पुन्हा करेल.

मांडवीकाठ

गोवेकरांना कॅसिनोत 2020 पासून बंदी आहे हो.

रोखठोक_म्हापसा

बंदी आहे म्हणून कोणी जात नाही, हे तुम्ही मनापासून लिहिलंत?

निवृत्त_लेखनिक

ताई, पतसंस्थेत 31 वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा वसुलीला. समोर बसलेला माणूस पहिल्या भेटीत खरा आकडा सांगत नाही. तुमचा भाऊ साडेतीन म्हणाला, तुम्ही चार धरून चला. तो लबाड आहे म्हणून नव्हे. सांगताना तो तुमचा चेहरा बघत असतो आणि चेहरा बदलला की उरलेलं गिळतो.

'का घेतलंस' विचारलं की माणूस गोष्ट रचतो. 'हप्ता कितव्या तारखेला जातो' विचारलं की खरं सांगतो, कारण ती तारीख त्याच्या छातीवर बसलेली असते. मी वसुलीला जायचो तेव्हा हे कळायला मला सात-आठ वर्षं लागली. तोवर मीही 'रोखठोक'च होतो.

आता आकडे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू, स्टेटमेंटवर नेमका दर छापलेला असतो. 1,38,000 वर 4,830 झाले. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 869. भावाने भरलेल्या 6,900 मधून मुद्दल कमी होतं जेमतेम 1,200 रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल भरलेलं नसताना त्याच कार्डावर पेट्रोल घातलं तर त्यावर व्याज त्याच दिवसापासून सुरू. पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे जे सांगतात, ते पूर्ण भरणाऱ्याला. म्हणून कार्ड आजपासून कपाटात.

माझ्या मते पहिला नंबर ॲपच्या कर्जांचा, कारण मुदत कमी आणि मानसिक छळ जास्त. मग कार्ड. बँकेला फोन करून शिल्लक हप्त्यांत करून मागा, व्याज बरंच उतरतं. पतसंस्थेचा हप्ता मात्र चुकवायचा नाही. व्याज तिथे कमीच असेल, पण तिथे मामेभावाची सही आहे. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे, कर्जदाराइतकाच देणेकरी. मामाच्या घरी नोटीस गेली तर तुमच्या भावाला चवथीला तोंड दाखवणं कठीण. पावसाळ्यात हप्ता झेपणार नसेल तर मे महिन्यातच अर्ज द्या. आधी आलेल्याला सवलत मिळते, तीन हप्ते थकवून आलेल्याला नोटीस.

आईचं सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून कार्ड मिटवता येईल. व्याज कार्डाच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

साखळीकर

काका, बाकी सगळं पटलं, सोन्याचं नाही. माझ्या घरातून गेलेल्या चार पाटल्या परत आल्या नाहीत.

माझा खाणीवर ट्रक होता. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा सव्वीस हप्ते बाकी होते. मग थोडं सुरू झालं, तोवर 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींचे 88 लीज (भाडेपट्टे) रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. पण ताई, आमच्या वाड्यावर प्रत्येक दारात ट्रक उभा होता, गवत चाकांतून वर आलेलं. सगळेच बुडालेले, त्यामुळे लाज वाटायची नाही, रागच यायचा. सरकारला शिव्या घालत पत्ते खेळायचो. तुमच्या भावाला तेवढंही सुख नाही. त्याच्या हॉटेलात बाकीचे कर्जात असतील-नसतील, कोणी कोणाला सांगत नाही.

मला कोणाच्या सल्ल्याने बरं वाटलं? शेजारच्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, मुलाने एक दिवस येऊन एवढंच विचारलं, "बँकेत जायचं आहे का? मी गाडी काढतो." वाटेत एक अक्षर बोलला नाही. बँकेत बाकावर बसून राहिला.

आणि हे गंभीरपणे सांगतो. तो रात्री झोपत नाही, जेवत नाही, 'सगळं संपवून टाकतो' असं काही बोलला तर हप्ते बाजूला ठेवा. 14416 वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आणि फुकट. तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

मांडवीकाठ

ॲपबद्दल. प्रत्येक ॲपच्या मागे कोणती बँक किंवा वित्तसंस्था आहे ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर 2025 पासून कर्ज देणाऱ्या ॲपची यादी आहे. नियमाप्रमाणे ॲपला तुमचे फोनमधले नंबर आणि फोटो मागता येत नाहीत. यादीत नसलेलं ॲप असेल आणि नातेवाईकांना फोन करू, फोटो पाठवू अशी धमकी येत असेल तर घाबरून 'मुदतवाढ' म्हणून दोन-दोन हजार पाठवत बसू नका, त्याला अंत नसतो. स्क्रीनशॉट ठेवा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे.

खऱ्या बँकेच्या वसुलीवाल्यांनाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला बंदी आहे. घरच्यांना, मित्रांना गाठून चारचौघांत अपमान करायलाही. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत. कोणी फोनवर "साठ हजारात मिटवून टाकू" म्हणालं तर पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. आणि तसं मिटवलेलं कर्ज सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' म्हणून दिसत राहतं, पुढे घरासाठी कर्ज मागताना आडवं येतं, हेही त्याला आधीच सांगा.

अवांतर: रोखठोक, तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. जुगार असेल तर नुसते पैसे देऊन भागणार नाही. पण तो प्रश्न पहिल्या दिवशीचा नाही.

रोखठोक_म्हापसा

बरं. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. माझ्या मुलाच्या वेळी मी काय केलं ते लिहिलंय. ते करू नका.

केवड्याचं पान

सगळ्यांचे आभार. व्यनि वाचला, उत्तर सवडीने लिहिते.

गुरुवारी सुट्टी टाकून कळंगुटला गेले. आधी कळवलं नाही, फक्त पोचल्यावर मेसेज टाकला की बसस्टँडजवळ चहा पिते आहे, वेळ असेल तर ये. वीस मिनिटांनी आला, हॉटेलच्या गणवेशातच. मी काकांचा प्रश्न पाठ करून गेले होते. "पतसंस्थेचा हप्ता कितव्या तारखेला?" तो म्हणाला, पाच. मग कार्डाची सतरा. ॲपच्या तारखा त्याने न विचारता सांगितल्या. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेले. बेरीज चार लाख अकरा हजार झाली. मान वर केली नाही, वहीकडेच बघत राहिले. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

कार्ड पहिल्यांदा मोठ्या रकमेला कधी वापरलं तेही ओघात निघालं. तीन वर्षांपूर्वी मूळ घरातल्या गणपतीची पाळी आमची होती. माटोळी, भटजी, पाच दिवस जेवणावळी, सगळं त्याने उचललं होतं. मी माझा वाटा म्हणून 2,000 दिले होते आणि वर नेवऱ्या कमी पडल्या म्हणून कुरकुर केली होती. पैसे आणले कुठून हे तेव्हा विचारावंसं वाटलं नव्हतं.

सोन्याचं अजून ठरत नाही, दोन्ही बाजू पटतात. सोमवारी आम्ही तिघे, म्हणजे तो, मी आणि मामेभाऊ, पतसंस्थेत जातो आहोत. मामेभावाला त्याने स्वतः फोन केला. गाडी मी काढणार.

हे लिहिताना त्याचा मेसेज आला. आणखी एक ॲप आहे, नऊ हजाराचं, परवा सांगायचं राहिलं म्हणतो. मी विचारलंय, कितव्या तारखेला.