मदत हवी आहे: इन्सिडंट फॉर्मवर ‘स्टाफचा निष्काळजीपणा’ एवढंच लिहून सही करू का?

नमस्कार. मी एका खासगी रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. नोकरीला १९ वर्षं झाली, इन्चार्ज होऊन ६. सोमवारी एका कागदावर सही द्यायची आहे आणि हात धजत नाही. इथे नर्सिंगमधले जाणते लोक आहेत, म्हणून विचारते.

झालं ते असं. गेल्या आठवड्यात नाइटला माझ्या वॉर्डात २२ पेशंट होते आणि दोन स्टाफ. सव्वाआठला सुपरवायझरचा फोन आला, आयसीयूत एक जण कमी आहे, तुमची एक पाठवा. मी घरून ‘पाठवा’ म्हटलं. सीनियर गेली. मागे राहिली जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन ८ महिने झालेली मुलगी, आणि एक मावशी.

एका आजींना जेवणाआधी १० युनिट इन्सुलिन होतं. त्यांचं इन्सुलिनचं पेन अडकलं. पोरीने पेनच्या काट्रिजमधून वॉर्डातल्या लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या रेषेपर्यंत औषध ओढलं. लाल टोपणाची सिरिंज एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीसाठी असते आणि काट्रिजमध्ये एका मिलीत १०० युनिट. म्हणजे आजींना गेले २५. पावणेअकराला मावशींच्या लक्षात आलं की आजी घामाने भिजल्यात. एचजीटी, म्हणजे बोटातून तपासलेली शुगर, ३८. आरएमओंनी (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांनी) लगेच २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, पंधरा मिनिटांत शुगर ११२ वर आली. आजी दोन दिवसांनी चालत घरी गेल्या.

कुणाला काही कळलं नसतं. चार्टवर फक्त ‘एचजीटी ३८, डेक्स्ट्रोज दिले’ एवढीच नोंद होती. पण सकाळी ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं) संपल्यावर ती पोरगी माझ्यामागे लिनन रूममध्ये आली आणि रुमालात गुंडाळलेली ती सिरिंज माझ्या हातात दिली. “मॅडम, रात्रभर विचार केला, ही चूक माझीच आहे,” म्हणाली. सिरिंज तिने मुद्दाम ठेवली होती.

मी वर कळवलं. आता वरून सांगणं आहे की फॉर्ममध्ये कारण ‘स्टाफचा निष्काळजीपणा’, कारवाई ‘सेवा समाप्त’, खाली माझी सही. नातेवाइकांना काही सांगायचं नाही, शुगर कधी कधी उतरतेच. पुढच्या महिन्यात एनएबीएचची (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या संस्थेची) तपासणी आहे. रोस्टरचा (ड्युटीच्या वाटपाचा) उल्लेख नको.

पण रोस्टर माझं होतं! केंद्राच्या एसआययू (किती कर्मचारी लागतात ते ठरवणारा विभाग) निकषात साध्या वॉर्डला सहा पेशंटमागे एक सिस्टर धरली आहे, इथे २२ मागे एक होती. ते निकष सरकारी रुग्णालयांसाठी असले तरी पेशंट तेच असतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या आचारसंहितेत तर व्यवस्थापनाचा वेगळा भाग आहे, काम सोपवताना समोरच्याची कुवत पाहावी असं त्यात आहे. मी दोन मिनिटं फोनवर बोलले आणि कुवत पाहिली नाही. दोन ताकदींचं इन्सुलिन एकाच फ्रिजमध्ये एकाच ट्रेमध्ये ठेवलं होतं, तेही माझ्याच वॉर्डात.

दुसरी भीती अशी. अमेरिकेत टेनेसीत २०१७ साली एका नर्सने चुकीचं औषध दिलं, पेशंट दगावली, चूक तिने स्वतःच सांगितली, आणि २०२२ मध्ये तिला फौजदारी खटल्यात दोषी धरलं. ही बातमी आमच्या मुलींच्या ग्रुपवर फिरली होती. आता हिला काढलं तर यापुढे माझ्या वॉर्डात सिरिंज कोण आणून देईल?

तर सही करू का? नाही केली तर काय लिहून देऊ? आणि आजींच्या मुलाला सांगायचं कुणी?

प्रतिसाद १ (निवृत्त मेट्रन)

अगं, सही कर, पण स्वतःच्या शब्दांखाली. निष्काळजीपणा हा निवाडा आहे, तो फॉर्म भरणाऱ्याने द्यायचा नसतो. तू वेळेसकट घटना लिही: ८.१५ ला फोन, कुणाच्या सांगण्यावरून स्टाफ हलवला, किती पेशंट, कोणती सिरिंज, किती वाजता लक्षात आलं, किती वाजता उपचार. तुझं ‘पाठवा’ सुद्धा लिही. ते लपवलंस तर बाकीच्याला वजन उरणार नाही. एक प्रत आवक शिक्का मारून स्वतःजवळ ठेव. जुन्या चार्टला मात्र हात लावू नकोस. भर घालायचीच तर आजची तारीख, वेळ टाकून, उशिरा केलेली नोंद म्हणून.

मुलाला परस्पर फोन करू नकोस. आजींच्या कन्सल्टंटकडे जा आणि सांग, तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहते.

प्रतिसाद २ (इंग्लंडमध्ये स्टाफ नर्स, मूळ सोलापूर)

ताई, पेनच्या काट्रिजमधून सिरिंजने इन्सुलिन ओढू नये म्हणून इकडे एनएचएसला (इथल्या सरकारी आरोग्यसेवेला) २०१६ मध्ये खास सूचनापत्र काढावं लागलं होतं. म्हणजे ही चूक तुमच्या एकाच मुलीची नाही. आणि उपचारात इजा झाली तर पेशंटला ते सांगून माफी मागणं २०१४ पासून इथल्या एनएचएसच्या रुग्णालयांवर कायद्यानेच बंधनकारक आहे. मी स्वतः एकदा डॉक्टरांबरोबर अशी बसले आहे. नातेवाईक रागावले, रडले, पण शेवटी विचारलं ते एवढंच की पुढे काय बदलणार? तेवढं उत्तर तयार ठेवून जा.

धागाकर्ती

मेट्रन मॅडम, ताई, मनापासून आभार. कालच १०० चं इन्सुलिन वेगळ्या डब्यात केलं, डब्यावर लाल सिरिंज फुलीने खोडलेलं चित्र चिकटवलं आणि दोघींच्या सह्या झाल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही असं ठरवलं. नाइटला एकटीच असली तर दुसरी सही आरएमओंची. फॉर्म आज रात्री माझ्या शब्दांत लिहिते. कन्सल्टंट सोमवारी ओपीडीनंतर भेटायला तयार आहेत.

एक राहिलं. ती मुलगी राजीनामा लिहून बसली आहे, मी तो घेतलेला नाही. तिची पुढची नाइट बुधवारी आहे. नाइटलाच ठेवू, की महिनाभर दिवसपाळीत माझ्याजवळ घेऊ? दिवसपाळीत घेतलं तर तिला ती शिक्षा वाटेल का? ज्यांनी अशी मुलगी सांभाळली आहे त्यांनी कृपया सांगा.