रानडुकराने मांडी फाडली तर दवाखान्यापर्यंत रक्त कसं थांबवायचं?

प्रश्न: आमचं वावर जंगलाला लागून, तूर उभी, डुकरं रोजचीच. परवा शेजारच्या काकांची मांडी फाटली. धुऱ्यावर एक म्हणे वेचलेला कापूस कोंबा, दुसरा म्हणे हळद. नेमकं करावं काय?

उत्तर (नर्सताई): भाऊ, कापूस नको. त्याचे तंतू जखमेत चिकटतात, मग डॉक्टर ते वेचत बसतात. हळद, माती तर नाहीच. गॉजची पट्टी, नसेल तर धुतलेला दुपट्टा घ्या. रक्त जिथून उसळतं तिथपर्यंत बोटाने टोक न्या, मग दुमडत दुमडत काठोकाठ ठासा. माणूस ओरडेल, ओरडू द्या. वर दोन्ही तळहात, कोपरं ताठ, अंगाचा भार टाकून किमान 10 मिनिटं दाबा. मध्येच उचलून पाहायचं नाही, आणि नेमकं तेच सगळे करतात! मग वरून पट्टी घट्ट आवळा. भिजली तर आतलं काढू नका, आणखी कापड ठेवून जोर वाढवा. 108 ला फोन दुसऱ्याने आधीच लावावा.

प्रश्नकर्ता: अन् पोटात सुळा घुसला तर?

नर्सताई: पोटात, छातीत काही कोंबायचं नाही. झाकून थेट न्यायचं.

आणखी एक जण: हातापायाचं तरीही थांबेना, तर जखमेच्या 2-3 इंच वर रुंद पट्टी बांधून काडीने पीळ द्या, सांध्यावर नको. सुतळी वापरू नका, कातडी कापते. बांधल्याची वेळ लिहा, दवाखान्याआधी सोडू नका.

नर्सताई: बरोबर. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजचं विचारायला विसरू नका.